शोध दुसऱ्या दारुड्याचा

शनिवार, ११ मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायर बनवणाऱ्यांचं शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एक उंच माणूस अस्वस्थपणे येरझारा घालत होता. बिल विल्सन, वय ३९. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्यानं एकेकाळी पैसा कमावला होता, नाव कमावलं होतं आणि दारूपायी दोन्ही घालवलं होतं. एका यंत्र कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत तो अ‍ॅक्रनला आला आणि डाव फसला. सोबतची माणसं न्यूयॉर्कला परत गेली. हा एकटा मागे राहिला, खिशात जेमतेम दहा डॉलर.

लॉबीच्या एका टोकाला बार होता. शनिवारची गर्दी जमत होती, हसण्याचे आवाज बाहेर येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी. बिलनं दारूला शिवून पाच महिने झाले होते. बारमध्ये एक जिंजर एल, म्हणजे बिनदारूचं पेय, घेऊन बसावं, कुणाशी ओळख होईल, असा विचार मनात आला, आणि मग त्याची त्यालाच भीती वाटली. तो टेलिफोनकडे वळला. यादीतल्या एका पाद्र्याला त्यानं फोन लावला. त्यांनी काही नावं दिली. तो एकेका नावाला फोन करत गेला. कुणी घरी नव्हतं, कुणाला वेळ नव्हता. शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंशी गाठ पडली.

त्यानं फोनवर काय मागितलं ते बघा. मला सांभाळा, माझ्यापाशी कुणीतरी बसा, असं तो म्हणाला नाही. त्यानं मागितला एक दारुडा. दारू सुटत नाही असा कुणी माणूस तुमच्या गावात आहे का? मला त्याच्याशी बोलायचंय, कारण तो भेटला नाही तर मी पिईन.

या मागणीचं मला अजून नवल वाटतं. माणूस अडचणीत सापडला की आपल्याहून धडधाकट, आपल्याहून शहाण्या माणसाकडे धाव घेतो. बिलला मात्र आपल्यासारखाच बुडालेला माणूस हवा होता, आणि तोही त्याला मदत करण्यासाठी. आज जगभर पसरलेली ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना, आपण जिला ‘ए. ए.’ म्हणतो, ती या एका उलट्या मागणीतून उभी राहिली आहे. माणसाच्या आयुष्याला अर्थ कुठून येतो या जुन्या प्रश्नाचं एक फार ठोस उत्तरही त्यात आहे, असं मला वाटतं.

हे शहाणपण बिलला एकदम सुचलेलं नव्हतं. आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस एबी थॅचर नावाचा जुना पिणारा दोस्त ब्रुकलिनच्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या त्याच्या घरी आला. बिलनं ग्लास पुढे केला, एबीनं नको म्हटलं. एका धार्मिक गटाच्या संगतीत त्याची दारू सुटली होती. उपदेशकांना कधी दाद न देणारा बिल त्या ‘नको’नं हादरला, कारण एबी त्याच्याच पंगतीतला होता. ११ डिसेंबर १९३४ रोजी बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्यानंतर त्यानं कधीही दारू प्यायली नाही.

बरं झाल्यावर त्याच्या अंगात संचारल्यासारखं झालं. आता सगळ्या दारुड्यांना सुधारायचं! तो इस्पितळात जाऊन रुग्णांच्या उशाशी बसायचा, बरबाद झालेल्या माणसांना घरी आणायचा, जेवू घालायचा, टाउन्समध्ये आपल्याला आलेल्या दिव्य अनुभवाच्या गोष्टी सांगायचा. बायको लोइस नोकरी करून घर चालवत होती आणि वर ही पाहुणेमंडळी. पाच महिन्यांच्या या खटाटोपानंतर किती जण सुधारले? एकही नाही. हताश झालेल्या बिलला लोइसनंच एक गोष्ट दाखवून दिली. बाकी कुणी सुटलं नसेल, पण या सगळ्या काळात तू स्वतः प्यायला नाहीस.

टाउन्स हॉस्पिटलच्या डॉ. विल्यम सिल्कवर्थनी त्याला आणखी एक कानमंत्र दिला. उपदेश बंद कर. आधी हा आजार काय आहे, तो शरीराची आणि मनाची काय गत करतो, ते सांग. देवाधर्माचं नंतर बघू. ही शिकवण घेऊन बिल अ‍ॅक्रनला आला होता. पाच महिने नापास झालेल्या माणसाची खरी परीक्षा आता होती.

हेन्रिएटाबाईंच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉ. रॉबर्ट स्मिथ. लोक त्यांना डॉ. बॉब म्हणत. वय ५५. हुशार माणूस, पण दारूनं प्रॅक्टिस खिळखिळी झालेली आणि कर्ज डोक्यावर. शनिवारी बोलावणं गेलं तेव्हा डॉक्टर भेटण्याच्या अवस्थेतच नव्हते. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, बायको अ‍ॅनच्या आग्रहाखातर ते आले. हात थरथरत होते. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं त्यांनी बायकोकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

ते उठले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते.

सहा तास दोघं काय बोलले याची नोंद कुणी केलेली नाही, पण सूर काय होता हे दोघांनीही नंतर सांगितलं आहे. बिलनं डॉक्टरांना काहीही शिकवलं नाही. दारू वाईट आहे हे सर्जनला काय सांगायचं? यकृताचं काय होतं ते त्यांना बिलपेक्षा जास्त माहीत होतं. बिलनं फक्त स्वतःची गोष्ट सांगितली. लपवलेल्या बाटल्या, मोडलेल्या शपथा, सकाळची भीती, बायकोच्या चेहऱ्याकडे बघवेना असे दिवस. आणि त्यानं आणखी एक गोष्ट उघड केली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी तुमच्यावर उपकार करायला आलेलो नाही, मला तुमची गरज आहे, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. डॉ. बॉबना तोवर पाद्री भेटले होते, हितचिंतक भेटले होते, पुस्तकं भेटली होती. स्वतःच्या अनुभवातून बोलणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. आणि त्याला आपल्याकडून काहीतरी हवं होतं!  बाकीचे सगळे फक्त सुधारा म्हणत होते.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. बिल डॉक्टरांच्या आर्डमोर अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरी राहायला गेला. काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेले आणि घसरले. ए. ए. मधली माणसं याला ‘स्लिप’ म्हणतात. परत आल्यावर तीन दिवसांनी त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती. बिल आणि अ‍ॅन रात्रंदिवस त्यांच्यापाशी बसले. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, हात स्थिर राहावेत म्हणून बिलनं त्यांना बिअरची एक बाटली दिली आणि इस्पितळाच्या दारात सोडलं. शस्त्रक्रिया पार पडली. पण डॉक्टर घरी आले नाहीत. तास उलटत गेले. घरच्यांच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. संध्याकाळी ते परतले, पूर्ण शुद्धीत. ज्यांचे पैसे बुडवले होते, ज्यांना दुखावलं होतं, अशा माणसांच्या दारी ते दिवसभर हिंडत होते. माफी मागत होते, देणं फेडण्याचा शब्द देत होते. ती बिअरची बाटली त्यांची शेवटची. ए. ए. हा दिवस १० जून १९३५ मानते, आणि तोच आपला जन्मदिवस.

मग दोघांनी मिळून तिसरा शोधला. अ‍ॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये एक वकील पलंगाला बांधून ठेवलेला होता. दारूच्या भरात त्यानं नर्सवर हात उचलला होता. हे दोघं त्याच्या उशाशी जाऊन बसले आणि आपापली गोष्ट सांगू लागले. काही दिवसांत तो वकीलही उठून त्यांच्याबरोबर चालू लागला. दोघांनी एकमेकांना सावरलं हा योगायोग म्हणता आला असता. तिसरा उभा राहिला तेव्हा ती पद्धत झाली.

ही पद्धत चालते कशी?

१९६५ साली फ्रँक रीसमन या अमेरिकन अभ्यासकानं एका छोट्या लेखात याला नाव दिलं. मराठीत आपण त्याला ‘मदत करणाऱ्याचा उपचार’ म्हणू. त्याचं म्हणणं सरळ होतं. एकमेकांना आधार देणाऱ्या गटांमध्ये मदत घेणाऱ्याला किती फायदा होतो यावर वाद घालता येईल, पण मदत करणाऱ्याला तो होण्याची शक्यता जास्त दिसते. न्यूयॉर्कमध्ये अभ्यासात मागे पडलेल्या मोठ्या मुलांना धाकट्यांना वाचायला शिकवण्याचं काम देऊन पाहिलं होतं. धाकट्यांचं वाचन सुधारलंच, पण त्याहून जास्त सुधारलं शिकवणाऱ्यांचं.

कारणं शोधू लागलं की एकात एक गुंतलेली सापडतात. आपण दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवतो तेव्हा ती आपल्याच कानावर पडत असते, आणि आपलाच आवाज आपल्याला सगळ्यात जास्त पटतो. शिकवायचं म्हटलं की विस्कळीत अनुभवाची मांडामांड करावी लागते. मी का प्यायचो, कधी प्यायचो, सुटली ती कशामुळे, हे दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगताना स्वतःलाही पहिल्यांदाच नीट कळतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भूमिका बदलते. काल जो फक्त ‘केस’ होता, तो आज कुणाचातरी आधार असतो. ज्या भूतकाळाची लाज वाटायची, तोच आता कामी येतो. डॉ. बॉबसमोर बिलची शेअर बाजारातली अक्कल कामाची नव्हती, पडलेली वर्षं कामाची होती. दुःख वाया गेलं नाही, हे कळण्याइतकं बळ देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन मूळ गरजा मानल्या आहेत. आपण आपल्या मर्जीनं काही करतोय ही भावना, आपल्याला काहीतरी जमतं ही भावना आणि आपण कुणाचेतरी आहोत ही भावना. व्यसन या तिन्हींवर घाला घालतं. मर्जी उरत नाही, कशात जम बसत नाही, माणसं तुटतात. आता व्यसनातून सुटलेला माणूस रात्री अकरा वाजता एका नवख्याच्या फोनवर अर्धा तास बोलतो, ते डोळ्यांपुढे आणा. कुणी सक्ती केलेली नाही. जे सांगतोय त्यात तो पक्का जाणकार आहे. आणि पलीकडे एक माणूस आहे, ज्याला त्या क्षणी या आवाजाशिवाय कुणी नाही. तिन्ही गरजा एका फोनमध्ये भागतात.

आकडेही आहेत. अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाचा व्यसनोपचाराचा मोठा अभ्यास झाला, त्यात १,७२६ माणसं होती. मारिया पगानो आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्यातली माहिती वेगळ्या नजरेनं तपासली. उपचारानंतरच्या वर्षभरात दुसऱ्या व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक दारूपासून दूर राहिले. मदत न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २२ टक्के होतं. कोण किती सभांना गेलं हा भाग वेगळा काढला, तरी फरक टिकून राहिला. म्हणजे नुसतं जाऊन बसण्यापेक्षा दुसऱ्यासाठी काही करणं हे जास्तीचं काहीतरी देत होतं.

दारूच्या बाहेरही हेच दिसतं. कॅरोलिन श्वार्ट्झ या संशोधिकेनं मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांसाठी एक उपक्रम केला. हाच आजार असलेल्या पाच जणींना नीट ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं आणि महिन्यातून एकदा इतर रुग्णांना फोन करायला सांगितलं. उपाय सुचवायचे नाहीत, फक्त ऐकायचं. फोन घेणाऱ्यांना किती बरं वाटतं हे मोजायचं होतं.  पण दोन वर्षांनी सगळ्यात मोठा बदल दिसला तो फोन करणाऱ्या पाच जणींमध्ये. आजार तोच होता, पण त्यांचा आत्मविश्वास, मनाची उभारी, स्वतःकडे पाहण्याची नजर बदलली होती. पाच हा आकडा फार छोटा आहे आणि त्यावरून मोठा सिद्धान्त बांधू नये. तरीही संशोधक एका जागी बघत असताना फळ दुसऱ्याच फांदीला धरलेलं सापडावं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

व्हँकुव्हरच्या विद्यापीठात एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. सकाळी काही जणांना पाच किंवा वीस डॉलरची पाकिटं दिली. निम्म्यांनी संध्याकाळपर्यंत ते स्वतःवर खर्चायचे, निम्म्यांनी दुसऱ्या कुणावर. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे जास्त आनंदात होते, आणि रक्कम पाच की वीस यानं फरक पडला नाही. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की आपल्या देण्याचं नेमकं काय झालं हे कळलं तर आनंद वाढतो. एखाद्या मोठ्या निधीत टाकलेल्या पैशापेक्षा एका मच्छरदाणीसाठी दिलेला पैसा मनाला जास्त भिडतो. आपल्या कामाचं तोंड दिसलं पाहिजे. म्हणूनच समोरासमोर बसलेली दोन माणसं हा ए. ए. चा गाभा आहे.

इथे एक पेच मात्र आहे आणि तो मला बरेच दिवस छळत होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपवलेल्या हजारो माणसांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. २०१२ साली सारा कॉनरथ आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या स्वयंसेवकांकडे पाहिलं. दुसऱ्यासाठी म्हणून सेवा करणारे जास्त जगले होते. स्वतःला बरं वाटावं, आपला फायदा व्हावा म्हणून सेवा करणाऱ्यांचं आयुष्य काहीच न करणाऱ्यांइतकंच निघालं. मग बिलचं काय? तो तर उघड उघड स्वतःला वाचवायला निघाला होता!

विचार करता करता मला वाटतं ते असं. बिलनं स्वार्थ लपवला नाही. त्यानं गरज टेबलावर ठेवली आणि त्यामुळे समोरचा माणूस साधन न राहता बरोबरीचा झाला. आपण सेवा करायला निघतो तेव्हा बहुतेक वेळा उंचावरून हात खाली करतो. घेणाऱ्याला ती उंची जाणवते आणि तो कमी होतो. बिल आणि डॉ. बॉब एकाच उंचीच्या खुर्च्यांवर बसले होते. शिवाय ज्या क्षणी बिल खरोखर डॉक्टरांमध्ये गुंतला, त्या सहा तासांत त्याला दारूची आठवण राहिली नसणार. हेतू स्वतःचा असेल, पण लक्ष दुसऱ्यावर होतं. माझ्या मते खरा फरक या लक्षात आहे.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर लांब जावं लागत नाही. मुंबई, पुणे आणि इतर शहरांत ए. ए. च्या मराठी सभा भरतात, कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या मागच्या खोलीत. माणूस उभा राहतो, फक्त पहिलं नाव सांगतो, आणि मी अल्कोहोलिक आहे असं म्हणतो. मग आपली गोष्ट. कुणी मध्ये बोलत नाही, कुणी सल्ला देत नाही. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. फी नाही. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

पण माझं मन ओढलं जातं ते सभेच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांकडे. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच काहीतरी काम देतात. सतरंजी घाल, खुर्च्या लाव, चहाचं बघ. ए. ए. त याला ‘सेवा’ म्हणतात. बाहेरच्याला ती किरकोळ कामं वाटतील. ज्याच्या हातात घरचे दुधाचे पैसेसुद्धा देत नाहीत, अशा माणसाला कुणीतरी चहाचे पैसे देऊन खाली पाठवतं आणि तो चहा घेऊन परत येतो. उरलेली चिल्लर टेबलावर ठेवतो. कुणी शाबासकी देत नाही, कुणी मोजून घेत नाही. सगळे चहा पितात. आपल्यावर पुन्हा कुणी विसंबू शकतं, हे त्याला कुठल्याही भाषणाशिवाय कळतं. वर्षभरानं तो ‘सोब्रायटी’चा, म्हणजे दारूशिवाय काढलेल्या वर्षाचा, वाढदिवस साजरा करतो तेव्हा बहुधा दारात उभा राहून आणखी एका नवख्याला खुर्च्या कुठे लावायच्या ते सांगत असतो.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला पु. ल. देशपांडे होते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या या केंद्रात उपचार घेऊन बरी झालेली माणसं पुढे तिथेच कार्यकर्ते म्हणून काम करू लागली. दाखल झालेल्या माणसाला समोरचा समुपदेशक म्हणतो, मीसुद्धा याच कॉटवर झोपलो होतो. या एका वाक्याला कुठली पदवी पुरी पडणार? मुंबईत वांद्र्याला १९८१ साली सुरू झालेल्या ‘कृपा फाउंडेशन’नं ए. ए. च्या विचाराला अय्यंगार योगाची जोड दिली. रूपं वेगळी आहेत, पण सावरलेल्यानं पुढच्याला सावरायचं हा धागा सगळीकडे एक आहे.

आता दुसरी बाजू. बिलच्या दारात निरोप घेऊन आलेला एबी थॅचर पुढे पुन्हा पिऊ लागला. आयुष्यभर तो सुटत आणि पडत राहिला. म्हणजे एकदा कुणाला वाचवलं की आपण कायमचे वाचलो असं होत नाही. हे रोजचं काम आहे. शिवाय ही औषधाची जागा घेणारी गोष्ट नाही. अनेक वर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायला हवेत. त्यानंतरच्या लांबच्या वाटेवर मात्र ए. ए. चा आधार पक्का आहे. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती तपासली गेली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए. ची पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीची, बऱ्याचदा सरस ठरली.

आणि घरातल्या बाईचं काय? मदत केल्यानं माणूस फुलतो म्हणावं, तर दारुड्या नवऱ्याची वीस वर्षं उस्तवार करणारी बाई सगळ्यात सुखी असायला हवी. ती तर पिचून गेलेली असते. नेट्टा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी २०१० साली दाखवलं की मदत स्वतःच्या मर्जीनं केली तरच करणाऱ्याला बळ देते. गळ्यात पडलेली, सक्तीची मदत देत नाही. लोइस विल्सनची गोष्ट इथे फार बोलकी आहे. नवरा सुटल्यावर ती आनंदात असायला हवी होती, पण एकदा सभेला जायची घाई करणाऱ्या बिलच्या अंगावर तिनं बूट फेकून मारला. आपण इतकी वर्षं याच्यासाठी झिजलो आणि याला सावरलं ते परक्या माणसांनी, हा राग होता. त्या रागाकडे तिनं डोळे उघडून पाहिलं, आणि १९५१ साली दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू केलं. तिथे बायका नवऱ्याला सुधारायला येत नाहीत. स्वतःला सावरायला आणि आपल्यासारख्याच दुसरीला धीर द्यायला येतात. मुक्तांगणात बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो तो याच कारणासाठी. नवऱ्याची मदतनीस म्हणून मोडून पडलेली बाई दुसऱ्या बाईची मैत्रीण म्हणून उभी राहते. तिची सोसण्याची ताकद तीच असते, फक्त ती आता तिच्या मर्जीनं खर्च होते.

आयुष्याला अर्थ हवा म्हणून माणसं खूप शोधतात. आधी मी पूर्ण बरा होईन, शहाणा होईन, स्थिर होईन आणि मग दुसऱ्यासाठी काही करीन, असा आपला क्रम ठरलेला असतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. बिल मेफ्लॉवरच्या लॉबीत उभा होता तेव्हा त्याच्याकडे नोकरी नव्हती, पैसा नव्हता, मनःशांती तर मुळीच नव्हती. होते ते फक्त पाच महिने. तेवढं भांडवल एका माणसासाठी पुरलं. डॉ. बॉबनी पुढे हजारो दारुड्यांवर एक पैसाही न घेता उपचार केले. १६ नोव्हेंबर १९५० रोजी ते गेले, तोवर पंधरा वर्षं त्यांनी थेंबाला शिवलं नव्हतं. बिल २४ जानेवारी १९७१ रोजी गेला, छत्तीस वर्षं कोरडा राहून.

तुमच्या घरात, चाळीत, ऑफिसात कुणी नुकतीच दारू सोडली असेल, तर त्याच्यावर नुसती पाळत ठेवू नका. त्याच्याकडे काहीतरी मागा. एखादी जबाबदारी त्याच्या हाती सोपवा, आणि तो दुसऱ्या कुणाला भेटायला, सभेला, केंद्रात जायचं म्हणाला तर अडवू नका. ए. ए. च्या खुल्या सभांना कुणालाही जाता येतं. एकदा त्याच्याबरोबर जाऊन मागच्या खुर्चीवर बसा आणि ऐका.